एका वेळी एकच सूर: न्यू वेव्हपासून मिनिमल टेक्नोपर्यंत

मिनिमल टेक्नो, म्हणजे यंत्रांवर केलेलं, मोजक्या आवाजांचं नाचाचं संगीत, पहिल्यांदा ऐकणारा बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: गाणं सुरू कधी होणार? चार मिनिटं झाली तरी तोच ठोका, तीच दोन-तीन सुरांची टिकटिक. मलाही हे संगीत कळलं ते मागे मागे जात गेल्यावर. 1994 च्या अमेरिकेतल्या डेट्रॉइटपासून निघून 1978 च्या इंग्लंडपर्यंत, म्हणजे पंक या गिटारच्या रांगड्या रॉकपाठोपाठ आलेल्या न्यू वेव्हपर्यंत पोहोचलो, तेव्हा हा मोकळा, सुटा आवाज मुळात कुठून आला ते दिसायला लागलं.

सुरुवात वाद्यापासूनच करायला हवी. 1970 साली आलेल्या मिनीमूग सिंथेसायझरवर एका वेळी एकच सूर वाजायचा. पेटीवर हात बसलेल्या माणसाला हे विचित्र वाटेल. दोन पट्ट्या एकत्र दाबल्या तरी आवाज एकाच सुराचा. स्वरमेळ शक्यच नव्हता. मग उरायची एक ओळ, तीही ठसठशीत.

1978 मध्ये इंग्लिश गायक गॅरी न्यूमन केंब्रिजच्या एका स्टुडिओत आपल्या ट्यूबवे आर्मी या बँडचा पंक अल्बम करायला गेला होता. आधीच्या कुणीतरी मागे ठेवलेला मिनीमूग तिथे पडून होता. त्याने सहज पट्टी दाबली आणि गिटारला कधी न जमणारा जाड, खोल आवाज बाहेर आला. पुढच्याच वर्षी त्याचं सिंथवर उभं असलेलं गाणं ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

मला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटतो तो डॅनियल मिलर. लंडनमध्ये त्याने कॉर्ग 700एस हा सिंथ सेकंडहँड विकत घेतला, घरीच रेकॉर्डिंग केलं आणि 1978 मध्ये 'द नॉर्मल' या नावाने स्वतःच तबकडी काढली. त्यातलं 'वॉर्म लेदरेट' आजही ऐकून बघा. एक कोरडा ठोका, एक खरखरीत घाव आणि वर सपाट आवाजातलं बोलणं. बस्स, तेवढंच. त्याच वर्षी शेफिल्डच्या ह्यूमन लीग या बँडची पहिली तबकडी आली, तीही अशीच उघडीवाघडी. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचा क्राफ्टवेर्क हा गट, त्यातली मंडळी या सगळ्यांच्या आधीपासून याच वाटेवर होते. फरक एवढाच की त्यांच्याकडे स्वतःचा स्टुडिओ होता, या इंग्लिश पोरांकडे घरातली खोली.

हे सगळं डेट्रॉइटला पोहोचलं ते रेडिओवरून. 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' या नावाने ओळखला जाणारा निवेदक एकाच कार्यक्रमात प्रिन्स, क्राफ्टवेर्क आणि न्यू वेव्ह बँड बी-52'ज एकापाठोपाठ लावायचा. काळ्यांचं संगीत, गोऱ्यांचं संगीत असे कप्पे त्याने मानलेच नाहीत. त्याच्या श्रोत्यांमध्ये जवळच्या बेलव्हिल गावातली ह्वान अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन ही कृष्णवर्णीय पोरं होती. 1981 मध्ये अ‍ॅटकिन्सने रिक डेव्हिसबरोबर सायबोट्रॉन या नावाने पहिली तबकडी काढली. तिच्यातला थंड, ताणलेला सूर ऐकला की इंग्लिश न्यू वेव्हशी नातं लपत नाही.

पुढच्या हत्याराबद्दल जरा थांबून बोलायला हवं. रोलंडचं टीआर-808 हे ड्रम मशीन 1980 साली आलं. खालच्या कडेला 16 बटणं: चार लाल, चार केशरी, चार पिवळी, चार पांढरी. प्रत्येक रंगाचं पहिलं बटण दाबा, म्हणजे 1, 5, 9 आणि 13, की बेस ड्रमचा नाचाचा ठेका तयार. तीनतालाच्या 16 मात्रा आणि चार विभाग बोटांवर मोजत वाढलेल्यांना ही मांडणी क्षणात समजते. फक्त तालातली 'खाली' इथे नसते. खऱ्या ड्रमसारखा आवाज नाही म्हणून ते फार खपलं नाही आणि 1983 मध्ये बंदच झालं. मग जुनी यंत्रं स्वस्तात मिळू लागली आणि तरुणांच्या हाती पडली.

ही यंत्रं मुंबईतही आली होती. हिंदी सिनेसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये 808 आणि टीबी-303 हा रोलंडचाच बेस सिंथ वापरून दहा राग डिस्को ठेक्यावर रेकॉर्ड केले. तो अल्बम तेव्हा कुणी फारसा विचारला नाही. 2010 च्या पुनर्प्रकाशनानंतर जग थक्क झालं. डेट्रॉइटशी त्यांचा काही संबंध नव्हता. यंत्रं तीच, म्हणून आवाजाचं गोत्र जुळलं.

1988 मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या एका संकलनामुळे 'टेक्नो' हे नाव रुजलं. नंतरच्या रेव्हच्या, म्हणजे रात्रभराच्या नाच-मेळाव्यांच्या लाटेत संगीत वेगवान आणि गच्च होत गेलं. रॉबर्ट हूडला ते पटेना. अंडरग्राउंड रेझिस्टन्स या डेट्रॉइटच्या गटातून बाहेर पडलेल्या हूडने 1994 मध्ये जेफ मिल्सच्या अ‍ॅक्सिस या रेकॉर्ड लेबलवर 'मिनिमल नेशन' ही तबकडी काढली. जुनो-2 सिंथवर त्याला एक स्वरमेळ सापडला होता. तो आणि त्याचा आकृतिबंध जुळल्यावर आता फक्त ठसकेबाज ठेका पुरे, हे त्याच्या ध्यानात आलं. मिलरजवळ एक वाद्य होतं म्हणून त्याचा आवाज सुटा. हूडने भरगच्च काळात तो सुटेपणा मुद्दाम निवडला, आणि माझ्या मते त्याचं मोठेपण यातच आहे. बर्लिनमध्ये बेसिक चॅनेल या जोडीने त्यात डब या जमैकन शैलीचा धूसर घुमारा मिसळला. पुढे कोलोन, फ्रँकफर्ट असा प्रवास झाला.

2005 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हेरॉनिका वासिचकाने एक लेबल सुरू केलं आणि ऐंशीच्या दशकातलं, घरच्या घरी केलेलं, विस्मरणात गेलेलं सिंथ-संगीत पुन्हा प्रसिद्ध करायला घेतलं. लेबलचं नाव तिने ठेवलं 'मिनिमल वेव्ह'.