‘तरी’ की ‘म्हणून’?

ठाण्यात कोर्टनाक्याहून मध्यवर्ती कारागृहाकडे निघालं की मुलाखतीसाठी ताटकळणारी माणसं दिसतात. बहुतेक बायाच. हातात कपड्यांची पिशवी, आधारची झेरॉक्स, एखादीच्या कडेवर पोर. मागे दगडी तट. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, पुढे तो इंग्रजांकडे गेला आणि त्याचा तुरुंग झाला.

तिथल्या टपरीवर एकदा शेजारची बाई फोनवर कुणाला तरी मुलाबद्दल सांगत होती, “बापानं काय कमी मारलंय का त्याला? तरी सुधारला नाही.”

तो ‘तरी’ माझ्या डोक्यातून जाईना. तिथे ‘म्हणून’ हवं होतं का? लहानपणी मार खाल्ला म्हणूनच माणूस तुरुंगापर्यंत पोचतो का?

‘म्हणून’च्या बाजूने आकडे भरपूर आहेत. वेल्समधल्या पार्क तुरुंगात ४७० पुरुष कैद्यांना लहानपणाबद्दल विचारलं गेलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, सततची शिवीगाळ, आईला होणारी मारहाण, घरातलं व्यसन, घरातलं कुणी तुरुंगात असणं, अशी यादी. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. यादीतली किमान एक गोष्ट सोसलेले ८४ टक्के, चार किंवा त्याहून जास्त सोसलेले ४६ टक्के. वेल्समधल्या सर्वसामान्य लोकांत हेच आकडे ४६ आणि १२ आहेत. यादीचं मूळ अमेरिकेत. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी सॅन डिएगोत सुमारे साडेनऊ हजार लोकांवर केलेल्या पाहणीत अशा प्रकारचे प्रश्न विचारले होते आणि १९९८ मध्ये बालपणातली संकटं व मोठेपणचे आजार यांचं नातं दाखवलं होतं.

एवढं वाचलं की प्रकरण मिटलं असं वाटतं. पण ही मोजणी तुरुंगाच्या आतून सुरू होते. जे आत आले त्यांनाच विचारलं. जे लहानपणी तसेच फोडून काढले गेले आणि आज वागळे इस्टेटीत लेथवर उभे आहेत किंवा ठाणे-वाशी लोकलमध्ये लटकतायत, ते या हिशोबात कुठेच नाहीत.

कॅथी स्पॅट्झ विडम या अमेरिकी संशोधिकेने दुसऱ्या टोकाकडून मोजलं, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात चिवट काम तेच आहे. १९६७ ते १९७१ या काळात ज्यांच्या छळाची किंवा हेळसांडीची प्रकरणं कोर्टात सिद्ध झाली होती, अशी अकरा वर्षांपर्यंतची ९०८ मुलं तिने जुन्या दप्तरांतून शोधली. जोडीला त्याच वयाची, साधारण तशाच परिस्थितीतली, पण असं प्रकरण नसलेली ६६७ मुलं घेतली. मग ती मोठी झाल्यावर पोलिसांचे रेकॉर्ड उघडले. १९८९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निकाल आला. मोठेपणी अटक झालेले पहिल्या गटात सुमारे २९ टक्के, दुसऱ्यात २१. हिंसक गुन्ह्यांत ११ आणि ८.

फरक खरा आहे, नंतरच्या पाठपुराव्यातही तो टिकला. पण छळ सोसलेल्या शंभरातल्या एकाहत्तर जणांना तोवर मोठेपणी एकदाही अटक झालेली नव्हती. आणि दुसऱ्या गटातले ते २१ टक्केही नजरेआड करण्यासारखे नाहीत. घरात मार नसला तरी वस्ती तीच, शाळा त्याच, पोलिसांची नजरही तीच.

थोडक्यात, ना धड ‘तरी’, ना धड ‘म्हणून’. मार खाल्ल्याने पारडं झुकतं, पण किती आणि कसं?

लोकमान्यनगरच्या चाळीतलं एक पोर डोळ्यांपुढे आणा. जिन्यावर चपला वाजल्या की त्याला कळतं, आज बाप पिऊन आलाय की नाही. कडी वाजायच्या आत ते दप्तर उचलून मोरीशेजारी सरकतं. ही अक्कल आहे, आजार नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात सेथ पोलॅक यांनी २००२ मध्ये तिची मोजणीच केली. टीव्हीवर मुंग्या आल्यासारखा धूसर चेहरा पडद्यावर हळूहळू स्पष्ट होत जातो, त्यावर कुठली भावना आहे ते मुलाने सांगायचं. घरी मार खाल्लेली मुलं राग इतरांपेक्षा कितीतरी आधी ओळखत, चित्र अजून अर्धंमुर्धं असतानाच.

घरात ही अक्कल वाचवते, रस्त्यावर महागात पडते. मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयातल्या ३०९ मुलांचा अभ्यास १९९० मध्ये छापला. मार खाल्लेल्या मुलांचा कल ‘धक्का मुद्दाम मारला’ असं समजण्याकडे जास्त होता. हाच पोरगा वीस वर्षांचा होऊन स्टेशनच्या पुलावर कुणाचा खांदा लागल्यावर काय करेल, याचा अंदाज बांधायला प्रयोगशाळा लागत नाही.

मेंदूत काय होतं, याचा धागा माँट्रियलच्या उंदरांनी दिला. तिथले संशोधक मायकेल मीनी यांच्या गटाने पाहिलं की आईने भरपूर चाटलेली पिल्लं मोठेपणी ताणातून लवकर सावरतात. ताणाच्या संप्रेरकाला ‘आता बस’ म्हणणारे ग्राहक रेणू त्यांच्या मेंदूत जास्त असतात, कारण त्या जनुकावरची रासायनिक झाकणं आईच्या चाटण्याने कमी होतात. कमी चाटणाऱ्या आईचं पिल्लू जास्त चाटणारीकडे वाढवलं, तर ते तिच्यासारखं शांत निघतं. २००९ मध्ये याच गटाला, छळ सोसून पुढे आत्महत्या केलेल्या माणसांच्या मेंदूतही तशीच झाकणं जास्त दिसली. मात्र तुलना अवघ्या बारा-बारा मेंदूंची होती, त्यामुळे ‘छळाने जनुकं बदलतात’ असे मथळे वाचताना मी जरा हात आखडता घेतो.

आणखी एक अडचण, विचारायचं कसं? ‘लहानपणी छळ झाला का?’ या प्रश्नाला आपल्याकडे बहुतेक पुरुष ‘छे’ म्हणतील. ‘पट्ट्याने मारायचे का?’ विचारलं तर हसून म्हणतील, ‘ते काय, सगळ्यांनाच मारायचे.’ विडमने आपल्या मुलांना वीसेक वर्षांनी गाठलं, तेव्हा ज्यांच्या मारहाणीची कोर्टात नोंद होती, त्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांनी ती सांगितलीच नाही.

‘सगळ्यांनाच’ हे आपल्याकडे फार चुकीचंही नाही. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्ला होता. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, आणि त्यांतले तीन चतुर्थांश कच्चे कैदी. म्हणजे गुन्हा सिद्ध व्हायचाय, पण जामीन झालेला नाही. त्यांचं बालपण मोजायला गेलो तर गुन्हेगारीइतकीच गरिबीही मोजली जाईल.

विचारायची पद्धत आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. सतराव्या वर्षी पकडलेला मुलगा भिवंडीच्या निरीक्षणगृहात गेला, तर बालन्याय कायद्याच्या नियमांनुसार त्याचा सामाजिक तपासणी अहवाल होतो. त्यात घरी, कामावर कुणी शिवीगाळ केली, मारलं, लैंगिक अत्याचार केला का, याचे रकाने आहेत. मोठ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या निकालात असंच काही सांगितलं. बालपणी हिंसा किंवा हेळसांड झाली का, ही माहिती न्यायालयापुढे आणा. पण ते फाशीच्या प्रकरणांत.

बाकीचे ठाण्यात किंवा तळोज्यात दाखल होतात तेव्हा नोंदवहीत नाव, वय, कलम लिहिलं जातं. शिवाय अंगावरच्या ओळखीच्या खुणा. डाव्या दंडावर भाजल्याचा जुना डाग. पाठीवर दोन इंची व्रण.