वर्चस्वक्रम (प्राण्यांमधील)

एकत्र राहणाऱ्या प्राण्यांत चारा, पाणी, जागा आणि जोडीदार यांवर आधी हक्क कोणाचा, हे ठरवणारी उतरंड म्हणजे वर्चस्वक्रम. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलीफ शेल्डेरुप-एबे यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला कोंबड्यांच्या निरीक्षणातून तो मांडला. वरच्या क्रमाची कोंबडी खालचीला टोचते; खालची उलटून टोचत नाही.

वर्चस्व म्हणजे सततची मारामारी, हा समज चुकीचा आहे. क्रम ठरला की झुंजी कमी होतात, कारण झुंजीत जखम जिंकणाऱ्यालाही होते. लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशी पाळणाऱ्याला हे सांगावे लागत नाही: गोठ्यात नवी म्हैस आली की काही दिवस ढुशा चालतात, मग नुसती मान वळवली तरी दुसरी बाजूला होते. चारा किंवा पाणी एकाच जागी, तेही अपुरे असेल, तर मात्र तंटे पुन्हा वाढतात.

सोलापूर जिल्ह्यात हे वर्तन पाहण्यासाठी नान्नजच्या माळाइतकी चांगली जागा नाही. माळढोकासाठी १९७९ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्यात काळविटांचे कळप मोकळ्यावर चरतात, त्यामुळे सारा व्यवहार लांबूनही दिसतो. प्रौढ नर आपला इलाखा राखतो. ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग घालून आणि डोळ्यांपुढील ग्रंथींचा स्राव काड्यांना लावून तो हद्द आखतो. प्रतिस्पर्धी आला की नाक वर, शिंगे पाठीवर आणि शेपटी वळवलेली, अशा ऐटीत तो चालून जातो. बहुतेक वेळा एवढ्यावरच दुसरा मागे फिरतो. नाही फिरला, तर पिळदार शिंगे शिंगांत अडकवून रेटारेटी होते. वयात आलेले तरुण नर इलाखा मिळेपर्यंत नरांच्याच वेगळ्या टोळीत राहतात आणि आपापसांत शिंगे भिडवत राहतात.

याच माळावरच्या लांडग्यांविषयी मात्र मोठा गैरसमज आहे. लढून नेता झालेला लांडगा टोळीवर सत्ता गाजवतो, ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ मधील अभ्यासातून रुजली. तो अभ्यास बासेलच्या प्राणिसंग्रहालयातील बंदिस्त लांडग्यांचा होता. अमेरिकी संशोधक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की जंगली टोळी हे बहुधा एक कुटुंबच असते. आई-बाप पुढे असतात ते आई-बाप म्हणून, आणि मोठी झालेली पिल्ले त्यांच्याशी सत्तेसाठी झगडत न बसता जोडीदार शोधायला निघून जातात.