टेस्टर पेटला म्हणजे मायक्रोवेव्ह खराब? बल्ब पेटला म्हणजे अर्थिंग ओके?

नवीन मायक्रोवेव्ह येतो, किचनच्या ओट्यावर बसतो, पिन लागते आणि पहिल्याच दिवशी घरातलं कुणीतरी ओल्या हाताने त्याच्या पत्र्याला हात लावतं की झिणझिण. मग टेस्टर शोधा, टेस्टर लावा, तो पेटतो. दुकानात फोन केला तर उत्तर ठरलेलं, "नवीन मशीनचं असंच असतंय, चार दिवसांत जाईल." वायरमनला बोलावलं तर तो म्हणतो, "थोडा करंट यायलाय ताई, त्याला काय होतंय, चप्पल घालून वापरा." परभणीत आमच्या आत्याकडे हे दोन्ही डायलॉग एकाच आठवड्यात ऐकले आणि तेव्हापासून यावर लिहायचं डोक्यात होतं.

दोघंही चुकीचं सांगतात. पण गंमत अशी की मशीन बहुतेक वेळा खरंच चांगलं असतं, खराब असतं ते भिंतीतलं.

आधी त्या झिणझिणीचं बघू. बऱ्याच मायक्रोवेव्हमध्ये वायर आत शिरते तिथंच एक छोटं फिल्टर सर्किट असतं, कारण मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारी नळी) चालताना बराच विजेचा गोंगाट करतो आणि तो घरातल्या वायरिंगमध्ये परत जाऊ नये. या फिल्टरमध्ये दोन बारके कपॅसिटर असतात, एक फेज (करंट आणणारी वायर) आणि बॉडीच्या (बाहेरच्या पत्र्याच्या) मधे, दुसरा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि बॉडीच्या मधे. कपॅसिटरमधून एसी करंट थोडाथोडा जातोच, हे शाळेत झालंय. तिसरी पिन अर्थला नीट जोडलेली असेल तर हा किरकोळ करंट मुकाट्यानं तिकडं निघून जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही. पण तिसऱ्या पिनमागे वायरच नसेल तर बॉडी दोन सारख्या कपॅसिटरच्या बरोबर मधे लोंबकळत राहते, म्हणजे २३० व्होल्टच्या निम्म्यावर, ११५ व्होल्टवर. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर धरला तर ५० हर्ट्झला त्याचा अडथळा पावणेसात लाख ओहमच्या आसपास येतो, त्यामुळे हातातून जाणारा करंट फक्त ०.३४ मिलिअँपिअर. माणसाला साधारण अर्ध्या मिलिअँपिअरपासून जाणवायला लागतं, ओल्या हाताला किंवा पत्र्यावरून हलकं बोट फिरवलं तर त्याच्याही आधी. टेस्टरमधल्या निऑनला तर याहून कितीतरी कमी करंट पुरतो. म्हणजे टेस्टर पेटला म्हणून मशीन शॉर्ट झालं असं नाही. तो पेटला याचा निरोप एवढाच की या सॉकेटला अर्थिंग नाही.

आणि हा निरोप किरकोळ नाही, कारण उद्या आत खरा फॉल्ट झाला, उंदरानं वायर कुरतडली किंवा इन्सुलेशन पत्र्याच्या धारेवर घासून गेलं, तर त्याच बॉडीवर अख्खा २३० व्होल्टचा फेज येणार आणि आता मधे कुठला कपॅसिटर नाही. मायक्रोवेव्हमध्ये तर बॉडी हा सर्किटचाच भाग आहे. आतल्या ट्रान्सफॉर्मरचं सुमारे २००० व्होल्टचं वाइंडिंग एका टोकाला सरळ बॉडीलाच जोडलेलं असतं, पुढं कपॅसिटर आणि डायोड मिळून तो व्होल्टेज ४००० च्या आसपास नेतात तेव्हा कुठं मॅग्नेट्रॉन चालतो. अशा यंत्राची तिसरी पिन कापून टू-पिन करणारे किंवा नुसत्या तारा सॉकेटमध्ये घालून आगपेटीच्या काड्या खोचणारे लोक आजही आहेत, त्यांना काय म्हणावं.

आता मुख्य मुद्दा. "अर्थिंग केलंय, आता कसली भीती? करंट सगळा जमिनीत जातोय." जमीन करंट पिऊन टाकते असं जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं. तसं काही नसतं. करंटला परत जायचं असतं ते गल्लीच्या टोकाला असलेल्या डीपीकडे, कारण तिथं ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. तुमच्या अर्थिंगच्या, जमिनीत पुरलेल्या पाइपापासून डीपीच्या तशाच पाइपापर्यंतची माती हा नुसता रस्ता आहे, आणि रस्ता किती चांगला यावर सगळं अवलंबून आहे.

या रस्त्याची एक भारी गोष्ट अशी की त्यातलं अंतर जवळजवळ मोजावंच लागत नाही. तुळजापूरला नवरात्रात देवळाच्या दारात श्वास घ्यायला जागा नसते आणि तीच माणसं बाहेर आली की पांगतात, तसंच पाइपातून निघालेला करंट सगळ्या दिशांना पसरतो. पाइपाला चिकटून असलेल्या मातीत त्याला जागा सगळ्यात कमी, म्हणून अडथळा सगळ्यात जास्त तिथंच. थोडं दूर गेलं की जागा इतकी वाढते की पुढचा अडथळा नावापुरता. त्यामुळे डीपी १०० मीटरवर असो की ४०० मीटरवर, अर्थिंगचं भवितव्य ठरतं ते पाइपाभोवतीच्या मीटर-दोन मीटर मातीवर.

आणि आपली माती कशी? मातीचे कोरडे कण वीज वाहून नेत नाहीत, वाहून नेतं ते कणांच्या मधलं पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार. म्हणून खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात, मीठ क्षार देतं, कोळसा ओल धरून ठेवतो. पावसाळ्यात गोदावरीकाठची काळी माती अर्थिंगला एक नंबर, तिची रोधकता (माती वीज किती अडवते त्याचं माप) १० ओहम-मीटरच्या आसपास येते, कधी त्याच्याही खाली. पण हीच काळी माती ओल पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, एप्रिलमध्ये शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. तशीच फट पाइपाभोवती पडली की पाइप आणि मातीचा संपर्कच सुटतो. बालाघाटाच्या अंगाला, बीड-धाराशिवच्या माळावर तर वितभर मातीखाली मुरूम नाहीतर काळा पाषाण, कोरड्या मुरमाची रोधकता शेकड्यात आणि खडकाची हजारात. खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालावं असं सगळे सांगतात, बरोबरच आहे, पण २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात बादली कोण ओतणार होतं?

आता थोडं गणित, कंटाळा आला तर उत्तर तेवढं बघा. आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकात पाइपाचा अडथळा काढायचं सूत्र आहे. अडीच मीटर लांब, ४० मिलिमीटर जाड पाइप धरा. माती १० ओहम-मीटरची असेल तर अडथळा येतो साडेतीन ओहम, १०० ओहम-मीटरची असेल तर ३५ ओहम. डीपीकडचे २ ओहम धरू. फॉल्ट झाला आणि अख्खा फेज बॉडीवर आला तर ओल्या मातीत करंट वाहील २३० भागिले साडेपाच, म्हणजे ४२ अँपिअर. कोरड्या मातीत २३० भागिले ३७, म्हणजे ६.२ अँपिअर.

आणि किचनच्या सॉकेटवर एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डातला खटका) कितीचा? १६ अँपिअरचा.

६.२ अँपिअरला हा एमसीबी कधीच पडणार नाही, जन्मात नाही, त्याच्या दृष्टीनं घरात एखादी इस्त्री चालू आहे. मायक्रोवेव्हच्या आतला फ्यूजही उडणार नाही कारण मशीन स्वतः चालताना जवळपास तेवढाच करंट घेतं. आणि तोवर बॉडीवर व्होल्टेज किती? ३७ पैकी ३५ ओहम तुमच्या बाजूला, म्हणजे २१७ व्होल्ट. अर्थिंग आहे, वायर जोडलेली आहे, तरी बॉडीवर २१७ व्होल्ट! वर हा करंट पाइपाभोवतीच्या मातीत १३०० वॅटच्या वर उष्णता तयार करत राहतो, त्यानं माती आणखी वाळते, अडथळा आणखी वाढतो. मीटर दिवसाला ३४ युनिटच्या हिशोबानं पळेल ते वेगळंच. ओल्या मातीतही फार खूश व्हायचं कारण नाही, ४२ अँपिअरला आतला फ्यूज उडेल, पण फॉल्ट फ्यूजच्या अलीकडं असेल तर १६ च्या एमसीबीला पडायला एक सेकंदापासून मिनिटभर कितीही वेळ लागू शकतो, तो तेवढा वेळ घेतो हे मानकालाही मान्य आहे. त्याचं काम वायर जळू नये हे आहे, माणूस वाचवायचं काम त्याला दिलेलंच नाही.

इथंच ती बल्बवाली टेस्ट येते. वायरमन होल्डरला दोन तारा लावतो, एक फेजला, एक अर्थला, १०० वॅटचा बल्ब लख्ख पेटतो आणि तो म्हणतो "बघा, अर्थिंग ओके". बल्बचा स्वतःचा अडथळा ५२९ ओहम आहे हो! त्याच्यापुढं मातीचे ३५ ओहम काहीच नाहीत, बल्बला २१५ व्होल्ट मिळतात आणि तो छान पेटतो. अर्थिंग १०० ओहमचं झालं तरी १९० व्होल्टच्या वर मिळतात, जरा मंद पेटेल, लो व्होल्टेजची सवय असलेल्या गावात कुणाच्या लक्षातही येणार नाही. या टेस्टनं एवढंच कळतं की अर्थची वायर कुठंतरी मातीला टेकलीय. अडथळा मोजायला अर्थ टेस्टर लागतो, जमिनीत दोन खुंट्या ठोकून मोजतात. आणि ही बल्बची टेस्ट घरी स्वतः करून बघू नका.

मग उपाय काय? आरसीसीबी. मला हे उपकरण फार आवडतं कारण त्याची आयडिया इतकी साधी आहे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एका चुंबकीय कड्यातून जातात. जेवढा करंट गेला तेवढाच परत आला तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात, कडं शांत. थोडा जरी करंट दुसऱ्या वाटेनं गेला, मातीतून किंवा तुमच्यातून, तर बेरीज शून्य राहत नाही, कड्यावरच्या तिसऱ्या कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं आणि खटका पडतो. घरगुती आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरचा फरक पुरतो आणि तेवढ्या फरकाला तो ०.३ सेकंदाच्या आत पडायलाच हवा, पाचपट फरक असेल तर ०.०४ सेकंदात. म्हणजे ज्या ६.२ अँपिअरकडं एमसीबी ढुंकूनही बघत नाही तो याच्या मर्यादेच्या दोनशे पट आहे. अर्थिंग वाळून एक हजार ओहमचं झालं तरी फॉल्टमध्ये २३० मिलिअँपिअर वाहतील, तरी हा पडेल. कोरड्या मातीच्या मुलखाला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, खर्च दोन-तीन हजारांचा. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. अर्थिंग तरीही लागतंच, ते नसेल तर आरसीसीबी पडायला तुमच्याच अंगातून करंट जाण्याची वाट बघेल.

एक जुगाड मात्र बिलकुल नको. अर्थ नाही म्हणून सॉकेटच्या मागं न्यूट्रल आणि अर्थच्या स्क्रूमधे वायरचा तुकडा टाकून देतात. झिणझिण लगेच थांबते, टेस्टर विझतो, सगळे खूश. मग वळवाच्या वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटतो, आणि घरात चालू असलेल्या एखाद्या बल्बमधून फेज न्यूट्रलवर आणि तिथून थेट मायक्रोवेव्हच्या बॉडीवर. मशीन बंद असलं तरी. जुन्या घरांत नळाच्या लोखंडी पाइपाला अर्थ बांधलेला असायचा, तिथं आता पाइप पीव्हीसीचे आलेत, तेही एकदा बघून घ्या.

जाता जाता वास्तूवाल्यांबद्दल. मायक्रोवेव्ह आग्नेय कोपऱ्यातच हवा म्हणून ऐकलं जातं, पॉवर पॉइंट असतो वायव्येला, मग ओट्यावरून, सिंकच्या कडेनं एक्स्टेंशन बोर्ड ओढला जातो आणि अग्नीची खरीच सोय होते. साधा २० लिटरचा मायक्रोवेव्ह १२०० वॅटच्या आसपास म्हणजे ५ अँपिअरच्या वर घेतो, कन्व्हेक्शनवाला २२०० वॅट म्हणजे साडेनऊ, आणि करंट दुप्पट झाला की वायरीत उष्णता चौपट. बारीक वायरीचा बोर्ड आणि १६ अँपिअरची पिन ६ च्या सॉकेटला लावून देणारे कन्व्हर्टर यात वितळतात. रेडिएशनची भीती घालून स्टिकर विकणाऱ्यांकडंही लक्ष देऊ नका, २४५० मेगाहर्ट्झची लहर १२ सेंटिमीटरची असते, दाराच्या जाळीच्या बारीक भोकांतून ती नावापुरतीच निसटते. दार वाकलेलं किंवा नीट बसत नसेल तर मात्र वापरू नका.

बाकी बसवायचं सोपं आहे. स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, अडीच किंवा ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, मागं-वर-बाजूला मॅन्युअलमधे लिहिलीय तेवढी जागा मोकळी, खाली सपाट आणि भक्कम. पिन सैल बसत असेल किंवा काळी पडलेली दिसली तर सॉकेट बदला. झाकण कधीही उघडू नका, पिन काढल्यावरही, कारण आतला कपॅसिटर भरलेला राहू शकतो, आणि त्या २००० व्होल्टच्या वाइंडिंगचा शॉक आरसीसीबीला दिसतच नाही, तो करंट आतल्या आत फिरतो.

आरसीसीबी बसवल्यावर "सारखा पडायलाय" म्हणून आठवड्यात काढून टाकणारेही बरेच. तो पडतो याचं कारण बहुतेकदा इन्व्हर्टर असतो, वायरिंग करताना इन्व्हर्टरच्या आणि लाईनच्या पॉइंटांचा न्यूट्रल एकत्र केलेला असतो, त्यामुळे एका वाटेनं गेलेला करंट दुसऱ्या वाटेनं परत येतो आणि कड्याला वाटतं गळती झाली. दोन्ही न्यूट्रल वेगळे करायला सांगा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि मायक्रोवेव्हचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाईनवर नको, घरातला ९०० व्हीएचा इन्व्हर्टर त्याला पुरत नाही, लाईट गेल्यावर चहा गॅसवरच गरम करा.