मातीतून आलेले नाणे कसे ओळखावे

जमिनीतून नुकतेच बाहेर आलेले जुने नाणे पहिल्या नजरेला नाण्यासारखे क्वचितच दिसते. हातात येते ती मातीने माखलेली, हिरवट किंवा काळपट चकती. तिच्यावर एखादे अक्षर किंवा चेहऱ्याची रेघ अंधूक जाणवली, तर आपसूक अंगठ्याने घासून पाहिले जाते. या घासण्यानेच नाण्याची ओळख सर्वांत जास्त वेळा पुसली जाते. शेकडो वर्षे मातीत राहिलेल्या तांब्याच्या किंवा कांशाच्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदा धातूत उरलेलाच नसतो. तो गंजाच्या थरात जसाच्या तसा उमटून राहिलेला असतो. तो थर खरवडला की राजाचे नाव, टांकसाळीची खूण आणि वर्ष त्याच्याबरोबर निघून जाते आणि खाली चमकदार पण मुका धातू उरतो. म्हणून या लेखातील सर्व पद्धती एकाच आग्रहावर उभ्या आहेत. नाणे स्वच्छ करण्याआधी ते जितके वाचता येईल तितके वाचून घ्यावे.

वाचनाची सुरुवात यंत्रापासूनच होते. नेहमीच्या मेटल डिटेक्टरच्या तबकडीत तारेचे एक वेटोळे प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारे, चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युत प्रवाह वाहू लागतात, त्यांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि दुसरे वेटोळे ते टिपते. पाठवलेल्या आणि परत आलेल्या संकेतांच्या लहरी एकमेकांपेक्षा किती मागेपुढे आहेत, या कलांतरावरून यंत्र वस्तूच्या विद्युतवाहकतेचा अंदाज बांधते आणि पडद्यावर एक आकडा दाखवते. जाड चांदीचे नाणे वरचा आकडा देते, तर लोखंडी खिळा अगदी खालचा. मात्र हा आकडा धातूइतकाच वस्तूच्या आकारावर आणि जाडीवरही अवलंबून असतो. चांदीचे पण कागदासारखे पातळ नाणे खालचा आकडा देऊ शकते, आणि लहान सोन्याचे नाणे व डब्याच्या पत्र्याचा तुकडा एकाच आकड्यावर येऊ शकतात. त्यामुळे पडद्यावरचा आकडा खणण्याचा निर्णय घेण्यापुरता उपयोगी आहे, नाणे ओळखण्यासाठी नव्हे.

त्यापेक्षा अधिक माहिती गंज देतो. सोने मातीत जवळजवळ बदलत नाही. ते पिवळेच बाहेर येते. चांदीवर गंधकाच्या संयुगांमुळे काळा थर चढतो आणि क्षारयुक्त जमिनीत राखी-जांभळट क्लोराइड तयार होते. तांब्यावर आधी लालसर ऑक्साइड आणि त्यावर हिरवे कार्बोनेट साचते. येथे फसगत होण्याची एक जागा आहे. चांदीत तांब्याची भेसळ असेल तर मातीतील ओलाव्याने तांबे आधी विरघळते आणि पृष्ठभागावर हिरवे होऊन बसते. परिणामी हिणकस चांदीचे नाणे तांब्याचे वाटते. याच प्रक्रियेची दुसरी बाजू प्रयोगशाळेत दिसते. बाहेरच्या थरातून तांबे निघून गेल्यामुळे तेथे चांदीचे प्रमाण वाढलेले असते. क्ष-किरण टाकून धातूतील घटक मोजणारे क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र फक्त वरच्या काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटर इतक्याच थराचे मोजमाप करते. त्यामुळे त्याने सांगितलेला चांदीचा कस नाण्याच्या गाभ्यातील कसापेक्षा बराच जास्त असू शकतो.

हिरव्या रंगांतही फरक आहे आणि तो ओळखणे तातडीचे आहे. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर स्थिर असतो व नाण्याचे रक्षणच करतो. फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके दिसू लागले, बोट लावल्यावर ते पिठासारखे सुटू लागले, तर तो कांशाचा रोग समजावा. मातीतील क्लोराइडमुळे तयार झालेले तांब्याचे क्लोराइड हवेतील ओलावा व ऑक्सिजन यांच्याशी अभिक्रिया करते, त्यातून आम्ल सुटते, ते आणखी तांबे खाते आणि हे चक्र चालू राहते. असे नाणे इतर नाण्यांपासून वेगळे करून सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डबीत ठेवावे आणि संवर्धन जाणणाऱ्या व्यक्तीकडे न्यावे. व्हिनेगर, लिंबू, दात घासण्याची पेस्ट किंवा तारेचा ब्रश यांपैकी कशाचाही वापर करू नये. सुटी माती ऊर्ध्वपातित पाण्याने आणि मऊ काडीने हलकेच काढणे एवढेच घरी करण्याजोगे आहे, आणि तेही रोगाची भुकटी नसेल तरच.

यानंतर तराजू. व्यास आणि वजन या दोन मोजमापांनी शक्यतांची यादी झपाट्याने लहान होते, कारण नाणी ठरलेल्या वजनमानानुसार पाडली जात. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात एका रोमन पौंड चांदीतून दिनारियस नावाची ८४ नाणी पाडली जात आणि प्रत्येकाचे वजन ३.९ ग्रॅमच्या आसपास भरे. सम्राट नीरोने इसवी सन ६४ च्या सुमारास ती संख्या ९६ केली आणि वजन ३.४ ग्रॅमच्या जवळ आले. इस्लामी सोन्याचा दिनार सुमारे ४.२५ ग्रॅमचा ठरवला गेला, तर ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा रुपया ११.६६ ग्रॅमचा होता. झीज, कातरलेली कडा आणि गंज यांमुळे वजन घटते किंवा क्वचित वाढतेही, म्हणून आकडा तंतोतंत जुळण्याची अपेक्षा ठेवू नये.

नाणे चांदीचे दिसत असेल, त्यावर गंजाचा जाड थर नसेल आणि मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू हाताशी असेल, तर घनतेची परीक्षा फार बोलकी ठरते. समजा, नाणे हवेत ३.४० ग्रॅम भरले आणि दोऱ्याने पाण्यात टांगल्यावर त्याचे वजन ०.३४ ग्रॅमने कमी झाले. हवेतील वजनाला या घटीने भागले की घनता १० येते. शुद्ध चांदीची घनता १०.५ आणि तांब्याची ८.९६ आहे, तेव्हा हे तांब्याची भेसळ असलेल्या चांदीचे नाणे म्हणता येईल. तेच वजन ०.३८ ग्रॅमने कमी झाले असते, तर घनता ८.९ आली असती, म्हणजे आत तांबे आणि वर चांदीचे पातळ वेष्टन. अशी मुलाम्याची नाणी प्राचीन काळीच बनावटगिरीसाठी तयार होत. त्यांच्या कडेला किंवा चेहऱ्याच्या उंच भागावर वेष्टन फाटून हिरवा गाभा डोकावत असतो.

नाणे कसे घडवले गेले, हे डोळ्यांनी कळते. दोन छापांच्या मध्ये धातूची चकती ठेवून हातोड्याने ठोकलेल्या नाण्याची कड अनियमित असते आणि चित्र मध्यापासून सरकलेले असते. साच्यात ओतलेल्या नाण्याला कडेवर जोडाची रेघ असते. मध्ये चौकोनी भोक आणि चार चिनी अक्षरे असलेली नाणी याच जातीची. एकसारखी गोल, कडेला बारीक रेघोट्या असलेली नाणी यंत्रयुगाची, आणि त्या रेघोट्या कडेची धातू कातरून चोरण्याला आळा घालण्यासाठी आल्या. काही नाण्यांवर दोन राजांचे ठसे एकमेकांवर दिसतात. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या निधीत, म्हणजे एकत्र पुरलेल्या ठेव्यात, क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. कोण आधी आणि कोण नंतर, हा इतिहासाचा मोठा प्रश्न त्या ठशांच्या थरांनी सोडवला. म्हणून नाण्यावर न जुळणारी रेघ दिसली तर तिला ओरखडा समजून सोडून देऊ नये.

नाण्यावरचा लेख, म्हणजे कोरलेली अक्षरे, वाचण्यासाठी भिंगापेक्षाही तिरपा प्रकाश महत्त्वाचा आहे. अंधाऱ्या खोलीत दिवा नाण्याच्या पातळीला जवळजवळ समांतर धरावा, चारही दिशांनी एकेक छायाचित्र घ्यावे. एका बाजूने न दिसणारे अक्षर दुसऱ्या बाजूच्या सावलीत उठून येते. पूर्ण वाक्य लागत नाही म्हणून निराश होऊ नये. लिपी कोणती एवढे कळले तरी प्रदेश व काळ आवळला जातो, आणि ओळीतली तीन-चार अक्षरे व त्यांची एकमेकांपासूनची जागा पुरेशी ठरते. चित्रही बोलते. तिसऱ्या शतकातील रोमन सम्राटाच्या डोक्यावर पानांच्या माळेऐवजी किरणांचा मुकुट असेल, तर ते नाणे सहसा दुप्पट मूल्याचे असते.

वर्षाचा आकडा स्पष्ट दिसला तरी तो लगेच खरा मानू नये. १२१५ हा आकडा अरबी-फारसी लेखाच्या नाण्यावर असेल तर तो हिजरी सन आहे. हिजरी वर्ष चांद्र असल्याने आकड्याला ०.९७ ने गुणून ६२१.६ मिळवावे, म्हणजे इसवी सन १८०० येते. काही नाण्यांवर तर वर्ष गोठलेले असते. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचा १७८० साल कोरलेला थालर हा चांदीचा शिक्का तिच्या मृत्यूनंतरही अनेक दशके पाडला गेला, आणि बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुघल बादशहा शाहआलमच्या १९ व्या राज्यवर्षाचा उल्लेख वर्षानुवर्षे तसाच ठेवला. नाण्यावरचे वर्ष म्हणजे ते याआधी पाडले गेले नाही एवढीच खात्री.

प्रत्येक कोरीव चकती नाणे असतेच असे नाही. हिशेबाच्या पटावर मांडण्यासाठी न्युरेंबर्गमध्ये सोळाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर तयार झालेल्या पितळी चकत्या, शिशाची टोकन, चपटी बटणे आणि संग्रहालयांच्या स्मरणवस्तू यांनी अनेकांना चकवले आहे.

एवढी माहिती हाती आली की मगच नाणी व सापडलेल्या वस्तूंच्या नोंदींचे सार्वजनिक संग्रह उघडावेत. ब्रिटनमध्ये लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमची नोंदवही १९९७ पासून भरत आली आहे, आणि अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या रोमन नाण्यांच्या संग्रहात चित्र, लेखाचा तुकडा व टांकसाळ यांवरून शोध घेता येतो. केवळ छायाचित्र जुळते म्हणून ओळख पक्की मानू नये. वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचे ठसे यांनीही होकार द्यायला हवा.

ओळखीचा आणखी एक भाग नाण्यावर नसतोच. तो जमिनीत असतो. २०१० साली इंग्लंडमधील फ्रूम येथे मातीच्या एका मोठ्या घड्यात ५२,५०३ रोमन नाणी सापडली. शोधणाऱ्याने पहिली नाणी दिसताच खणणे थांबवले, आणि पुरातत्त्वज्ञांनी घडा थर-थर करून रिकामा केला. ब्रिटनमध्ये सत्ता बळकावलेल्या रोमन सम्राट केरॉशियसची नाणी या निधीतील सर्वांत अलीकडची, पण त्यांतील बहुतेक घड्याच्या खालच्या अर्ध्या भागात निघाली. घडा वर्षानुवर्षे थोडा थोडा भरलेला नसून एकाच वेळी भरलेला होता, हे त्यावरून कळले. सगळी नाणी एका पोत्यात ओतली गेली असती तर हा निष्कर्ष कोणालाही काढता आला नसता.

म्हणून जागेची नोंद, खोली आणि मूळ स्थितीतील छायाचित्र प्रत्येक नाण्याबरोबर असावे, आणि एकाहून अधिक नाणी एका ठिकाणी दिसू लागली की हात आवरावा. परवानगी व कळवण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते खणण्यापूर्वीच माहीत करून घ्यावेत. भारतात १८७८ च्या निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये ३०० वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोने-चांदी असलेली दोन नाणी एकत्र सापडली तरी ती निधी ठरतात. सर्व लेख झिजलेल्या, ओळख न पटणाऱ्या चकतीचीही वजन, व्यास आणि जागेसह नोंद ठेवावी. शेजारच्या शेतात त्याच जातीचे वाचता येणारे नाणे निघाले, तर तिची ओळख त्यावरून लागू शकते.