हा संशोधक मोठा, हे मोजायचं कसं?

शोधनिबंधाच्या शेवटी बारीक अक्षरांतली संदर्भसूची असते. बहुतेक वाचक तिथवर जातच नाहीत, पण विज्ञानातलं देणंघेणं तिथेच नोंदलेलं असतं: पद्धत कुणाची वापरली, आकडे कुणाचे घेतले, कुणाचं म्हणणं खोडून काढलं. आपला निबंध दुसऱ्याच्या सूचीत आला की आपल्या खात्यावर एक उल्लेख जमा होतो. संशोधकांच्या बोलण्यात याला 'सायटेशन' म्हणतात.

या सूच्या उलट्या दिशेने वाचता येतील, हे युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडलं. एखादा जुना निबंध हातात असेल, तर त्याचा आधार पुढे कुणीकुणी घेतला ते शोधता यावं, ही कल्पना. त्यातून १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघाला. अफाट वाङ्मयात वाट सापडावी म्हणून केलेलं हे साधन होतं. उल्लेख एकदा मोजता येऊ लागले, तशी माणसंही त्यावर तोलली जाऊ लागली.

आज सर्वांत चलनात असलेला आकडा म्हणजे एच-इंडेक्स. भौतिकशास्त्रज्ञ होर्गे हिर्श यांनी तो २००५ मध्ये सुचवला. समजा, एखाद्या संशोधिकेचे सात निबंध आहेत आणि त्यांचे उल्लेख उतरत्या क्रमाने ४८, ३०, १२, ७, ५, ३ आणि १ असे आहेत. वरून मोजत यायचं: निबंधाचा क्रमांक जितका, निदान तितके उल्लेख त्याला हवेत. पाचव्या निबंधाला पाच उल्लेख आहेत, म्हणजे जमलं. सहाव्याला सहा हवेत, आहेत तीनच. तिचा एच-इंडेक्स ५. आता पहिल्या निबंधाचे उल्लेख ४८ ऐवजी ४,८०० करून पाहा. उत्तर तेच, ५! ज्याच्या पाच निबंधांना जेमतेम पाच-पाच उल्लेख आहेत, तोही याच पायरीवर. एकाच गाजलेल्या निबंधावर कुणी मोठं ठरू नये म्हणून हिर्श यांनी रचना अशी केली, आणि त्यामागचा विचार मला पटतो. पण आयुष्यात एकच मूलभूत काम केलेला माणूस त्यात हरवतो, हेही तितकंच खरं. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही. वय वाढेल तसा तो वाढतो किंवा तिथेच थांबतो. गणितात संदर्भसूच्या छोट्या असतात, जीववैद्यकात लांबलचक. त्यामुळे या दोन शाखांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करणं मुळातच चूक आहे.

मग उल्लेख नेमकं काय मोजतो? प्रथिनांचं प्रमाण मोजण्याची रीत सांगणारा ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध ३ लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला आहे. रीत वापरली की नाव द्यावंच लागतं. उलट डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा निबंध सर्वाधिक उल्लेख मिळालेल्या शंभर निबंधांच्या २०१४ मध्ये केलेल्या यादीत नव्हता. ती रचना पाठ्यपुस्तकात गेली, सगळ्यांची झाली, आणि मूळ निबंधाचा हवाला देण्याची गरजच उरली नाही. उल्लेख नेहमी कौतुकाचाच असतो असंही नाही. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्याचे उल्लेख भरपूर आहेत, पण त्यांतले बहुसंख्य त्याला खोडून काढणारे आहेत. मोजणाऱ्या यंत्राला हा फरक कळत नाही.

सहलेखनाचा गुंता याहून मोठा आहे. गणितज्ञ पॉल एर्डिश यांनी सुमारे १,५०० निबंध लिहिले आणि त्यांचे सहलेखक पाचशेहून जास्त. त्यांच्याबरोबर लिहिलेल्याचा 'एर्डिश क्रमांक' १, त्या सहलेखकाबरोबर लिहिलेल्याचा २. आइन्स्टाईन यांचा २ आहे. कोण कुणाबरोबर काम करतं याचं जाळं यातून सुरेख दिसतं, पण काम कुणी किती केलं ते दिसत नाही. गणितात नावं सहसा वर्णानुक्रमे येतात. जीवशास्त्रात पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं, असा रिवाज आहे. मधल्यांनी काय केलं, ते विचारावंच लागतं.

हिग्ज बोसॉन या मूलभूत कणाचं वस्तुमान सांगणारा २०१५ चा निबंध ३३ पानांचा आहे. मजकूर आणि संदर्भ मिळून ९ पानं. उरलेली २४ पानं लेखकांच्या आणि त्यांच्या संस्थांच्या नावांची. लेखक ५,१५४. त्यांतल्या प्रत्येकाच्या खात्यावर हा निबंध पूर्ण एक म्हणून जमा होतो.

ज्यांचं नाव त्या कणाला आहे, त्या पीटर हिग्ज यांनी, तो कण असावा हे सांगणाऱ्या १९६४ च्या कामानंतर, दहाहूनही कमी निबंध लिहिले. २०१३ मध्ये, नोबेल स्वीकारायला जाताना, त्यांनी जुनी आठवण सांगितली. संशोधनाच्या मूल्यमापनाची वेळ आली की विभागातून निरोप फिरे: अलीकडच्या निबंधांची यादी द्या. हिग्ज उत्तर पाठवत: 'एकही नाही.'