सोमवारची चूल, टँकरची रांग

मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली ती एप्रिल २०१६ मध्ये. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्याच्या आधीच्या महिन्यात शहरात पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लावावी लागली होती. घागरीवरून डोकी फुटायची वेळ आलेली. आणि त्याच वर्षी लातूरकरांनी लोकवर्गणी काढून मांजरा नदीच्या पात्रातला गाळ उपसला. गाव तेच, तहान तीच. टँकरपाशी हमरीतुमरीवर येणारी माणसं नदीत उतरल्यावर एक कशी झाली?

देशाला नवा नेता मिळतो तेव्हा हाच प्रश्न त्याच्यापुढे मोठा होऊन उभा राहतो. निवडणुकीत भाऊबंदकीलाही पक्षाचा रंग चढलेला असतो. चहाच्या हॉटेलात टीव्हीवर शपथविधी चालू असतो आणि कोपऱ्यातलं एखादं म्हातारं म्हणतं, "ते समदं ठीक हाय, पण पाणी कवा येणार ते सांग म्हणावं." मानसशास्त्राच्या हिशेबाने म्हाताऱ्याने बरोबर नस पकडलेली असते.

मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या एका शिबिरात २२ मुलांचे दोन गट केले. अकरा-बारा वर्षांची, एकसारख्या घरांतली पोरं. बक्षिसांसाठी सामने लावले आणि काही दिवसांत शिव्या, झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी सुरू झाल्या. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, तर अन्नाची फेकाफेक! नुसतं जवळ आणून काही साधलं नाही. शेवटी शिबिराचं पाणी बंद पाडलं. टाकीच्या तोटीत गोणपाट कोंबलेलं होतं. ते काढायला दोन्हीकडची मुलं खटपट करत राहिली आणि पाणी आल्यावर आधी कोणी प्यायचं यावरून भांडली नाहीत. संध्याकाळी जेवताना मात्र पुन्हा कुरबुर. अशी सामायिक कामं दिवसामागून दिवस देत गेल्यावरच वैर निवळलं. (ही सगळी शाळकरी मुलं होती. त्यांच्यावरून अख्ख्या देशाचा निवाडा करू नये, एवढं भान ठेवायला हवं.)

टँकरच्या रांगेत तुमची घागर भरली की माझी रिकामी राहते. कोंबलेली तोटी मोकळी झाली की पाणी सगळ्यांनाच. टंचाई दोन्हीकडे आहे, पण गणित उलटं. माझ्या मते नव्या नेत्याचं पहिलं काम हेच : टँकरसारख्या दिसणाऱ्या प्रश्नातली तोटी शोधणं.

आशेचंही असंच आहे. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांच्या मांडणीत आशेला दोन पाय : वाट दिसणं आणि त्या वाटेने आपल्याला चालता येईल असं वाटणं. "चांगले दिवस येतील" या वाक्यात दोन्ही नाहीत. रूझवेल्ट मार्च १९३३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेव्हा लोक घाबरून बँकांतून पैसे काढत होते. १२ मार्चला त्यांनी रेडिओवर साध्या भाषेत समजावलं, की बँक तुमच्या पैशाचं काय करते आणि उद्यापासून कोणत्या बँका उघडतील. बँका उघडल्या आणि रांगा लागल्या त्या पैसे परत भरायला.

लालबहादूर शास्त्रींकडे १९६५ मध्ये धान्य नव्हतं. दुष्काळ होता आणि युद्धही. त्यांनी देशाला सोमवारी रात्री चूल न पेटवण्याची विनंती केली. एका जेवणाने गोदामं भरत नसतात, पण पंतप्रधानाने मागितलेली गोष्ट झोपडीतल्या बाईलाही त्याच रात्री करता येत होती आणि शेजारचं धुराडं थंड आहे हे तिला दिसत होतं. मागणारा स्वतः आपल्यातला वाटावा लागतो, हे अलेक्झांडर हॅसलम आणि स्टीफन रायशर या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनातून पुढे आलंच आहे. १९९५ च्या रग्बी विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेचे कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष मंडेलांनी अंगात घातलेली गोऱ्यांच्या लाडक्या संघाची जर्सी तरी दुसरं काय सांगत होती?

आमच्या आजीचं माहेर परळीचं. वैजनाथाचा सोमवार ती लहानपणापासून धरायची, पण रात्री उपास सोडायची. शास्त्रींचं ऐकल्यापासून तिने ते रात्रीचं जेवणही सोडलं. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्री गेले, पुढे धान्यही आलं, तरी तिची सोमवारची चूल थंडच. हा उपास आता देवाचा की देशाचा, असं आम्ही पोरं चिडवायचो. ती म्हणायची, "दोघांचा बी."