क्ष-किरणांत दिसणारं दूध

नागपुरात मे महिन्यात सकाळचं दूध दुपारपर्यंत बाहेर राहिलं, की तापवताना फाटतं. जिवाणूंनी लॅक्टिक आम्ल तयार केलं, हे कारण शाळेतच कळतं. पण त्या आम्लानं दुधात नेमकं काय मोडतं?

गाईच्या दुधातली सुमारे 80 टक्के प्रथिनं केसीन प्रकारची. त्यांचे हजारो रेणू एकत्र येऊन साधारण 100 ते 200 नॅनोमीटरचा कण बनतो, त्याला मायसेल म्हणतात. हा कण पाण्यानं गच्च भरलेला असतो. नेहमीच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी तो वाळवला, तर त्याची घडणच बिघडते.

क्ष-किरणांना मात्र दूध जसंच्या तसं चालतं. साय काढलेलं दूध काचेच्या बारीक नळीत भरतात आणि त्यातून किरणांची अरुंद शलाका सोडतात. बहुतेक किरण सरळ पार होतात; थोडे किंचित वळतात. इथला नियम मोठा सुंदर आहे: रचना जितकी मोठी, तितका कोन लहान. किरणांची तरंगलांबी 0.1 नॅनोमीटर धरली, तर 18 नॅनोमीटर अंतराची खूण अंशाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शावर उमटते. किरण टिपणारा शोधक 2 मीटर दूर ठेवला, तर मधल्या झोतापासून फक्त 11 मिलिमीटरवर! म्हणून तिथे किरण प्रखर आणि काटेकोर लागतात. आपल्याकडे इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या कणत्वरकावर, अशा प्रयोगांची सोय आहे.

कोणत्या कोनात किती किरण वळले याचा आलेख काढला, की दुधासाठी 18 नॅनोमीटरच्या याच जागी एक फुगवटा येतो. पूर्वी तो छोट्या गोळ्यांचा पुरावा मानला जाई. म्हणजे मायसेल हा बुंदीच्या लाडवासारखा. आज अनेक संशोधक वेगळं सांगतात: केसीनचं सैलसर जाळं, आणि त्यात कॅल्शियम फॉस्फेटचे 4-5 नॅनोमीटरचे शेकडो पुंजके. फुगवटा म्हणजे या पुंजक्यांमधलं अंतर. एकाच आलेखाचे दोन अर्थ लागू शकतात, हे या तंत्रात विसरून चालत नाही. मला स्वतःला दुसरा अर्थ पटतो, कारण दुधाचा सामू (पीएच; आम्ल वाढलं की तो उतरतो) ताज्या दुधाच्या 6.7 वरून 5 च्या आसपास उतरवला, की फॉस्फेट विरघळतं आणि फुगवटाही पुसला जातो. आणखी खाली, 4.6 च्या सुमारास, केसीनवरचा विद्युतभार शून्यावर येतो आणि कण एकमेकांना चिकटतात. तापवताना हे चिकटणं सामू इतका उतरण्याच्या बरंच आधी घडतं.

म्हशीच्या दुधात केसीन आणि कॅल्शियम दोन्ही जास्त. आपल्या नागपुरी म्हशीचं दूध या किरणांत कसं दिसेल, ते पाहायची मला फार इच्छा आहे.